नवा स्पीकर मुरतो, की आपले कान मुरतात?

खर्जातला_सा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी स्पीकरची जोडी घेतली. बुकशेल्फ प्रकारची, खालच्या सुरांना साडेसहा इंची वूफर, वरच्या सुरांना कापडी घुमटाचा ट्वीटर. दुकानात ऐकली तेव्हा गवई मल्लिकार्जुन मन्सूरअण्णा समोर मांडी घालून बसलेत असं वाटलं होतं. घरी आणून जोडली आणि तोंडचं पाणी पळालं. तंबोऱ्यातला खर्ज गायब. डग्गा म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर टिचकी. वरच्या सप्तकात आवाज कानाला टोचतो.

दुकानदाराला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "सर, कोरे आहेत अजून. दीडशे तास वाजू द्या, मोकळे होतील." मी रोज जेमतेम दोन तास ऐकतो, म्हणजे अडीच महिने झाले. आणि परत करायची मुदत आहे पंधरा दिवस.

प्रश्न सरळ आहे. स्पीकर खरंच मुरतो का? की मी माझी समजूत काढून घ्यायची?

गोडाचा_शिरा

बरणीला दादरा बांधलात का? रोज एकदा हलवायचं, आणि ओला चमचा घालायचा नाही.

अनाहत७२

मुरतो म्हणजे मुरतोच. माझा स्वतःचा अनुभव. आठ वर्षांपूर्वी घेतलेली जोडी पहिले दोन आठवडे ऐकवत नव्हती, घरातल्या घरात भांडणं झाली. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सकाळी बासरी लावली आणि खोलीच मोठी झाल्यासारखी वाटली. तेव्हापासून आजतागायत तेच स्पीकर आहेत. आता इथे मोजपट्टीवाले येतील आणि आलेख दाखवतील. येऊ देत. कान खोटं बोलत नाहीत.

उंटावरचा_शहाणा

कान खोटं बोलत नाहीत, मान्य. कानांच्या मालकाचं काय? त्याने पंचावन्न हजार मोजलेले असतात.

(प्रश्न अनाहतरावांना नाही, सर्वसाधारण आहे. चप्पल फेकू नये.)

नुसतीच_वाचते

हे आजार घरोघरी सारखेच दिसतात :)

एक_ओहम

मोजपट्टीवाला हजर आहे. पण अनाहत, आधी तुमच्या बाजूने बोलतो.

स्पीकरचा मागेपुढे हलणारा शंकू, म्हणजे कोन, दोन ठिकाणी धरलेला असतो. बाहेरच्या कडेला रबराची किंवा फोमची गोट, ती सराउंड. आणि आत कॉइलच्या (तारेच्या गुंडाळीच्या) गळ्याशी सुरकुत्यांची पिवळट कापडी चकती, तिला स्पायडर म्हणतात. हे कापड फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवून तापलेल्या साच्यात दाबतात, म्हणून नवं असताना कडक असतं. नव्या सुती साडीतली खळ आठवा. एकदा नेसली, बसलं-उठलं, की खळ मोडते. तसंच कोन पहिल्यांदा जोरात मागेपुढे झाला की ही चकती सैल पडते. म्हणजे बदल खरा आहे, त्यात अंधश्रद्धा काही नाही. व्यावसायिक ड्रायव्हरांच्या (ड्रायव्हर म्हणजे पेटीशिवायचा नुसता स्पीकर) काही डेटाशीटवर तळटीपच असते, की हे आकडे ड्रायव्हर आधी हलवून घेऊन मग मोजलेत.

आता मोजपट्टी. मला स्पीकरच्या पेट्या बनवायचा नाद आहे. दोनेक वर्षांपूर्वी एक साडेसहा इंची वूफर खोक्यातून काढला तसा मोजला. सुट्या ड्रायव्हरचा अनुनाद, म्हणजे कोन ज्या सुराला आपसूक घुमतो तो आकडा, ४६.८ हर्ट्झ. मग २० हर्ट्झची लहर देऊन कोन डोळ्यांना दिसेल इतका हलवला. दहा मिनिटांनी ४३.१. रात्रभर तसाच घुमत ठेवला, सकाळी ४२.५. दोन दिवस बंद ठेवून पुन्हा मोजला तर ४३.०, म्हणजे थोडा परत आखडला.

जे व्हायचं त्यातलं बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत झालं. दीडशे तास कुठून आले ते दुकानदारालाच विचारा. किंवा विचारू नका, पंधरा दिवस आणि अडीच महिने हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा.

पंचगंगा_काठ

आमच्याकडं नवी चप्पल पयल्या आठवड्यात चावतीच. तेल पाजा, भिजवा, काय बी करा. महिन्यानं चावायची थांबती. आता चामडं मऊ झालं का पाय निबर झाला, ह्ये आजवर कुणाला कळल्यालं न्हाई. माझा आजा म्हणायचा, दोघं बी एकमेकाला कट्टाळली.

गोडाचा_शिरा

पंचगंगा, दंडवत. धागा इथेच बंद करायला हरकत नाही.

अनाहत७२

@एक_ओहम, तुम्ही सुटा ड्रायव्हर मोजलात. मी संगीत ऐकतो. दहा टक्के अनुनाद बदलला तर खालचा आवाज बदलणारच की. हे तर तुम्हीच कबूल केलंत!

एक_ओहम

इथेच तर गंमत आहे. सुटा ड्रायव्हर आणि पेटीतला ड्रायव्हर ही दोन वेगळी माणसं. (लग्नाआधी-लग्नानंतरचा विनोद कुणीतरी करेलच, म्हणून मीच उरकून घेतो.)

थील आणि स्मॉल या दोघांनी हा हिशोब बसवून दिला. दोघंही तेव्हा ऑस्ट्रेलियात काम करणारे. नेव्हिल थील यांचा निबंध १९६१चा, रिचर्ड स्मॉल यांची लेखमाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. आज जगात बहुतेक पेट्या बनतात त्या त्यांच्याच आकड्यांवर. त्यातला एक आकडा व्हास. चकती आणि गोट मिळून जेवढी लवचीक आहेत, तेवढीच लवचीक हवा किती लिटर, तो हा आकडा. चकती सैल पडली की अनुनाद उतरतो, पण त्याच वेळी व्हास वाढतो.

बंद पेटीचं उदाहरण घ्या. सुटा अनुनाद ४० हर्ट्झ, व्हास ३० लिटर, पेटी १० लिटरची. पेटीतला अनुनाद काढायचा तर व्हासला पेटीच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि ४०ने गुणा. ३० भागिले १० म्हणजे ३, अधिक १ म्हणजे ४, वर्गमूळ २. उत्तर ८० हर्ट्झ.

आता लवचीकता २० टक्के वाढली असं धरू, म्हणजे चांगलीच वाढली. सुटा अनुनाद ३६.५ वर उतरला, व्हास ३६ वर चढला. पुन्हा तोच हिशोब केला की उत्तर येतं ७८.३. सुटा ड्रायव्हर साडेतीन हर्ट्झ उतरला, पेटीत गेल्यावर पावणेदोन. सुरांच्या भाषेत एका अर्धस्वराच्या निम्म्याहूनही कमी. छोट्या पेटीत स्प्रिंगचं काम मुख्यतः आतली हवा करते, आणि हवा काही मुरत नाही.

खर्जातला_सा

माझ्या पेटीला मागे भोक आहे. मग?

एक_ओहम

भोकाची पेटी किती हर्ट्झला लागते ते आतल्या हवेवर आणि भोकाच्या नळीच्या लांबी-रुंदीवर ठरतं. ड्रायव्हर नवा की जुना, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही. भोक मुरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

उंटावरचा_शहाणा

वायर मुरते असं ऐकलंय. बाण ज्या दिशेला काढलाय त्याच दिशेला मुरते म्हणे.

मिरजेची_मैना

माझा स्पीकरशी संबंध फक्त गाणं शिकवताना, पण एक सांगते. आमच्याकडे नवा तंबोरा आणला की लोक म्हणतात, वाजू दे, हळूहळू खुलेल. तारा ताणल्या जातात, खुंट्या बसतात, भोपळा-लाकडाचंही काही होत असेल. पण जवारीचं, म्हणजे तारेच्या त्या झणझणीत गुंजनाचं, गणित बरोबर उलटं आहे! तार घोडीवर घासून घासून तिथे घळ पडते आणि जवारी बंद होत जाते. मग कारागिराकडे नेऊन घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. म्हणजे तंबोरा वाजवून वाजवून बिघडतो आणि कानस लावून सुधारतो. "वाजवल्याने खुलतं" हे वाद्यांतही सगळीकडे खरं नाही.

दुसरं असं, की धागाकर्त्यांना खर्ज ऐकू येत नाहीये. काळी एकच्या (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरणाऱ्या) गायकाचा तंबोऱ्यातला खर्ज किती हर्ट्झचा हो, एक_ओहम?

एक_ओहम

६९च्या आसपास. प्रश्न नेमका आहे, यावरून मला काहीतरी सुचतंय. @खर्जातला_सा, खोली केवढी आहे, स्पीकर कुठे ठेवलेत, तुम्ही कुठे बसता? फरशी, पडदे, सगळं सांगा. भिंतीपासूनचं अंतर टेप लावून मोजा.

बाबा_ट्रान्झिस्टर

मुलांनो, थोडं जुनं सांगतो. अवांतर वाटलं तर पुढे सरका.

मी रत्नागिरीत छत्तीस वर्षं रेडिओ आणि स्पीकर दुरुस्त केले. आमच्या हवेत स्पीकर मुरत नाही, कुजतो. फोमची गोट असलेला स्पीकर कोकणात दहा-पंधरा वर्षांत हातात पिठासारखा येतो. गिऱ्हाईक म्हणायचं, "बाबा, आवाज फाटतो." जाळी काढली की गोट उरलेलीच नसायची, कोन नुसता स्पायडरवर लटकलेला.

नवी गोट आणि नवा स्पायडर मी मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणायचो. बसवायचं काम असं. मधली टोपी ब्लेडने अलगद कापायची. कॉइल आणि मधल्या लोखंडाच्या फटीत जुन्या एक्स-रे फिल्मच्या चार पट्ट्या खोचायच्या, म्हणजे कॉइल बरोबर मध्ये उभी राहते. मग डिंक, मग एक रात्र. सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या आणि कोन बोटांनी दाबून कान लावायचा. "खस्स" झालं तर सगळं पुन्हा.

आणि आता तुमचा प्रश्न. नवा स्पायडर बसवला की मी स्पीकरला सहा व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरवर अर्धा तास लावून ठेवायचो. घुंऽऽऽ करत बसायचा, ५० हर्ट्झ. हे माझ्या गुरूने शिकवलं, त्याला त्याच्या गुरूने. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "चूक असेल तर इथेच कळेल, गिऱ्हाईकाच्या घरी नको." मुरवणं वगैरे शब्द त्याच्या तोंडी नव्हता. पण अर्ध्या तासानंतर कोन बोटाला मऊ लागायचा हे मी शपथेवर सांगतो. अर्ध्या तासानंतर. महिन्यानंतर नव्हे.

एक_ओहम

बाबा, _/\_. मी साडेसात हजारांचं यंत्र लावून जे मोजलं ते तुम्ही बोटाने.

कोकण_किनारा

एक्स-रे फिल्म! आमच्या काकांच्या छातीचा फोटो बहुधा कुणाच्या तरी वूफरमध्ये गेला, कधी सापडलाच नाही.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून. एक गोष्ट राहून जातेय. इथे जानेवारीत खोकं दाराशी येऊन पडतं, बाहेर उणे आठ. तेच उचलून लगेच जोडलं तर रबर कडक असल्यामुळे आवाज आखडलेला येतो. खोलीत चार तास ठेवलं की बरा होतो. एका मित्राने याच चार तासांना "ब्रेक-इन" (म्हणजे तुमचं मुरणं) म्हणून भलामोठा लेख लिहिला होता. पुण्यात हा प्रश्न येणार नाही म्हणा.

डेसिबेल_दादा

आमच्या आतेभावाची कथा. हाच सल्ला, हेच दुकानी बोलणं, तीन महिने वाट पाहिली. खालचा आवाज येईचना. शेवटी मी गेलो, मागे वाकून पाहिलं, एका स्पीकरची लाल वायर काळ्या खिळीत. एक कोन पुढे जातोय तेव्हा दुसरा मागे, दोघं मिळून खालचे सूर खाऊन टाकतायत. वायर फिरवली, डग्गा घरी आला. आतेभाऊ अजून म्हणतो, "तीन महिने मुरले म्हणून इतका छान वाजला."

धागाकर्ते, आधी लाल-काळं बघा.

अनाहत७२

@डेसिबेल_दादा, अशा चुका होतात, पण म्हणून प्रत्येकाचा अनुभव चूक ठरत नाही. माझ्या वायरी सरळच होत्या.

आणि ट्वीटरचं काय? माझा मुख्य फरक वरच्या आवाजात होता. टोचणं गेलं.

एक_ओहम

ट्वीटरमध्ये स्पायडर बहुधा नसतोच. घुमट मिलिमीटरच्या अंशाइतका हलतो, आणि त्याचा अनुनाद हजार हर्ट्झच्या आसपास असला तरी त्याला आवाज दिला जातो दोन-अडीच हजारांच्या वर. जिथे बदल व्हायचा तिथे तो वाजतच नाही. म्हणजे लोक ज्या बदलाचं सर्वात जास्त वर्णन करतात, "टोचणं गेलं", तो भाग बदलायला सर्वात कमी जागा आहे. टोचण्याची सवय मात्र कानाला फार लवकर होते. नवीन चष्म्याने जमीन वाकडी दिसते, चार दिवसांनी सरळ होते. काच तीच असते.

दुसरं कारण आवाजाची पातळी. एक डेसिबेल जोरात वाजलेलं आपल्याला "जोरात" वाटत नाही, "चांगलं" वाटतं. आणि हळू आवाजात कान खालचे सूर कमी ऐकतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. पहिल्या आठवड्यात माणूस नव्या वस्तूला जपून हळू वाजवतो, तिसऱ्या आठवड्यात भीड चेपते, बटण वर सरकतं, डग्गा "खुलतो".

गोडाचा_शिरा

आमच्या चौकातल्या मंडळाची स्पीकरची भिंत विसर्जनाच्या दिवशी दुपारी चारला सुरू होते. रात्री दहापर्यंत ती मुरत नाही, आम्ही मुरतो.

पंचगंगा_काठ

आमच्या खिडक्या मुरल्यात. दोन तावदानं सुटलीत.

संपादक_मंडळ

मिरवणूक आणि आवाजाच्या नियमांवर वेगळा धागा चालू आहे, तिकडे जावे. इथल्या त्यावरच्या नऊ प्रतिक्रिया उडवल्या आहेत.

खर्जातला_सा

बाप रे, दोन दिवसांत केवढं लिहिलंत सगळ्यांनी. लाल-काळं तपासलं, बरोबर आहे.

खोली दहा बाय बारा. फरशी उघडी, पडदे धुवायला टाकलेत ते अजून लावले नाहीत. समोर काचेचं शोकेस. स्पीकर स्टँडवर, भिंतीपासून चार फूट एक इंच पुढे. कुठेतरी वाचलं होतं की भिंतीपासून लांब ठेवले की "मंच" (गवई-साजिंदे समोर बसल्याचा भास) खोल होतो, म्हणून हट्टाने पुढे ओढलेत. माझी खुर्ची साधारण खोलीच्या मध्यावर. येता-जाता सगळे स्टँडला अडखळतात, घरातून त्याबद्दल रोज एक वाक्य ऐकतो.

एक_ओहम

चार फूट एक इंच! तुमचा खर्ज कुठे गेला ते सापडलं.

६९ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४.९७ मीटर. तिचा चौथा हिस्सा १.२४ मीटर, म्हणजे चार फूट एक इंच. खालचे सूर स्पीकरच्या पुढे जातात तसेच मागेही जातात. मागे गेलेला सूर भिंतीवर आपटून परत स्पीकरपाशी येईपर्यंत बरोबर अर्धी लहर उशिरा येतो. पुढचा वर असताना हा खाली. दोघं एकमेकांना खातात. तुम्ही टेप लावून अगदी काळी एकच्या खर्जासाठी खड्डा खणलाय.

वर तुम्ही बसलात खोलीच्या मध्यावर. बारा फुटांची खोली ४७ हर्ट्झला घुमते, आणि त्या घुमण्याचा शून्य बिंदू बरोबर मध्यावर असतो. म्हणजे खाली जे काही शिल्लक होतं तेही तुमच्या खुर्चीपाशी नाही.

करायचं एवढंच. स्पीकर मागे सरकवा, भिंतीपासून फूटभर. भोक मागे आहे म्हणून अगदी चिकटवू नका. खुर्ची मध्यावरून दोन-अडीच फूट मागे. सतरंजी पसरा, पडदे लावा. दुकानातल्या खोलीत गालिचा आणि जाड सोफा होता की नाही, आठवून बघा.

मिरजेची_मैना

वा! तंबोऱ्याच्या जागेवरून गुरुजी ओरडायचे ते आठवलं. "कोपऱ्यात नको, मध्ये नको, तिथे ठेव." कारण कधी सांगितलं नाही.

खर्जातला_सा

मंडळी, सरकवले. घड्याळ लावून सांगतो, सतरंजीसकट सात मिनिटं लागली. खर्ज आला! पोटात जाणवतो आहे. डग्ग्याची मींड ऐकू येते. टोचणं निम्मं कमी झालं, पडदे इस्त्रीहून आले की बघू. दुकानात खरंच जाड गालिचा होता.

एक_ओहम, तुम्ही पुण्यात असाल तर चितळ्यांची बाकरवडी माझ्याकडून.

अनाहत७२

अभिनंदन, मनापासून. पण मूळ प्रश्न तसाच राहिला. तुम्ही जागा बदललीत, म्हणजे तुमचा त्रास जागेचा होता. स्पीकर दीडशे तासांत बदलतो की नाही, हे त्यातून सिद्ध होत नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे आणि मला उत्तर हवंय. तुमच्याकडे नवी जोडी आहे. करा की प्रयोग!

एक_ओहम

अनाहत यांचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. प्रयोग असा करता येईल. एक स्पीकर खोक्यात बंद. दुसरा सलग चार दिवस वाजवत ठेवा. मग दोन्ही एकमेकांना चिकटून उभे करा, पुढे कापड टांगा, एकाच वाहिनीचा आवाज दोघांना द्या आणि दुसऱ्या कुणाला तरी बॅलन्सचं बटण फिरवू द्या. कुठला वाजवायचा ते नाणं उडवून ठरवायचं, त्याच्या मर्जीने नाही. निम्म्यावर दोघांच्या जागा बदला. १६ खेपा. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षं पडद्याआड स्पीकर ऐकवले ते याचसाठी. पेटी दिसली की माणूस डोळ्यांनी ऐकतो.

१६ पैकी १२ तरी बरोबर यायला हवीत. नुसत्या अंदाजाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांपेक्षा कमी आहे.

एक अडचण आहे. तुमचे दोन्ही आतापर्यंत किती तास वाजले? पहिल्या दहा मिनिटांचा बदल केव्हाच होऊन गेला असणार. त्यामुळे हा प्रयोग फक्त "पुढचे शंभर तास" तपासेल.

खर्जातला_सा

बारा-तेरा तास. चालेल, दुकानदाराचा दावाही पुढच्या तासांचाच आहे. आज रात्री सुरू करतो. एक स्पीकर कपाटात, रजयांमध्ये गुंडाळून, रेडिओच्या दोन स्टेशनांमधली खरखर लावून.

उंटावरचा_शहाणा

शेजारी विचारतील, कपाटात पाऊस पडतोय का.

गोडाचा_शिरा

चार दिवसांनी रजया मुरलेल्या निघाल्या तर त्या कुणी ऐकायच्या?

कोकण_किनारा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वाचनखूण साठवली.

बाबा_ट्रान्झिस्टर

रजईत गुंडाळू नका हो फार घट्ट. कॉइल तापते, वारा लागू दे. तांबं पन्नास अंशांनी तापलं की त्याचा विरोध वीस टक्क्यांनी वाढतो आणि आवाज बसतो. गिऱ्हाईकं लग्नातून स्पीकर आणायची, "रात्री दहाला खणखणीत होता, बाराला दमला." दमला नव्हता, तापला होता.

खर्जातला_सा

निकाल. उशीर झाला, मुलीची परीक्षा होती.

कपाटातला एकूण ११२ तासांवर पोचला, खोक्यातला बारावरच. काल रात्री सौ.ची जुनी नारायणपेठ दांडीवर टांगून पडदा केला. बटण आणि नाणं सौ.कडे, वहीसुद्धा. मी पलीकडे डोळे मिटून. तंबोरा, मग ख्याल, मग तबला एकल.

बसताना खात्री होती की ओळखेन. पहिल्या तीन खेपांना तर हसूच आलं, इतकं सोपं वाटलं. नंतर घाम फुटला. १६ पैकी ९ बरोबर.

पहिल्या आठांत ६ आली होती. मध्ये जागा बदलल्या, पुढच्या आठांत ३. म्हणजे मी बहुधा डावी-उजवी जागा ओळखत होतो, स्पीकर नव्हे.

@अनाहत७२, तुम्ही या एकदा. पडदा धुऊन ठेवतो.

अनाहत७२

येतो. नक्की येतो. मला १२ आली तर धाग्याचं नाव बदलायचं.

नऊवर एवढंच म्हणेन, की तबला एकल परीक्षेला बरं नाही, लय पकडण्यात लक्ष जातं. मी बासरी आणीन.

नुसतीच_वाचते

आता बोलतेच. धागाकर्ते आमच्याच घरचे आहेत. वही माझ्याकडे आहे म्हणून एक नोंद इथे उतरवते, त्यांनी ती गाळली.

पाचव्या खेपेला पडद्यामागून आवाज आला, "हां! आता बघ कसा मोकळा झाला, हाच तो मुरलेला." नाणं सलग दुसऱ्यांदा छापा पडलं होतं. मी बटणाला हातही लावला नव्हता. चौथ्या खेपेला ज्याला "कोरा, आखडलेला" म्हणाले होते, तोच वाजत होता.

आणि नारायणपेठ विचारून घेतली नव्हती.

उंटावरचा_शहाणा

वहिनी, साष्टांग.

पंचगंगा_काठ

आज्याचं खरं झालं.

खर्जातला_सा

इथेही सापडलो म्हणायचं. असो.

डेसिबेल_दादा

स्पीकर ठेवणार की परत? मुदत कधी संपते?

खर्जातला_सा

परवाच संपली. ठेवणार आहे. दुकानदाराचा फोन आला होता, "मोकळे झाले का सर?" मी हो म्हणालो. सतरंजीचं काही बोललो नाही.

कोकण_किनारा

एक शंका. आमचं नवं मिक्सर फार किंचाळतं. विक्रेता म्हणतो, दोन महिने चटण्या वाटा, मग बसेल. वेगळा धागा काढू का?